आधी कागद मागणारा एजंट

वडील गेल्यावर डोंबिवली पूर्वेचं घर विकायचं ठरलं, तेव्हा एकाच रविवारी तीन एजंट घर बघून गेले. पहिल्याने उंबऱ्यातूनच आकडा सांगितला, "अठ्ठावन्न लाख. पार्टी तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा." दुसऱ्याने बाल्कनीत उभं राहून दोन फोन केले आणि जाताना म्हणाला, "काकू, चावी देऊन ठेवा, महिन्याभरात काम करून देतो." तिसरे गृहस्थ साठीच्या घरातले. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढून आल्यामुळे आधी पाच मिनिटं पंख्याखाली बसले, पाणी प्यायले. मग त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्याच नावावर आहे अजून. पण नॉमिनी मी आहे."

"नॉमिनी आहात ते चांगलंच. पण मुलं किती? सगळी इथंच असतात का?"

मी इथे, भाऊ न्यू जर्सीत. त्यांनी खिशातल्या वहीत ते लिहून घेतलं. किंमत विचारली तर म्हणाले, "सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. त्यावर मिळाले तर आनंदच आहे."

आम्ही अर्थातच पहिल्याला होकार दिला. समोर अठ्ठावन्न दिसत असताना अठ्ठेचाळीसकडे कोण वळेल? पहिल्या पंधरवड्यात चार कुटुंबं येऊन गेली. किंमत ऐकली आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही. महिन्याने त्याचा फोन आला, "मार्केट थंड आहे ताई, बावन्न करू या." दोन महिन्यांनी, "एक पार्टी आहे, पंचेचाळीसला तयार आहे, थोडे रोख देते म्हणते. सोडू नका." घर रिकामं होतं, मेंटेनन्स चालू होता आणि आईचा धीर सुटत चालला होता. त्या फोनवर आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो.

आता मागे वळून बघताना कळतं, अठ्ठावन्न ही घराची किंमत नव्हतीच. आमचं काम मिळवण्यासाठी त्याने तो आकडा सांगितला होता. मोठा आकडा सांगून घर हाती घ्यायचं, विकणाऱ्याला थकवायचं आणि मग खऱ्या भावाच्याही खाली आणायचं, हा प्रकार या धंद्यात जुना आहे. विकणारा माणूस आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी घर विकतो, एजंट महिन्याला चार विकतो. म्हणून तीन एजंटांनी तीन किंमती सांगितल्या तर सर्वांत मोठी निवडू नका. तिघांनाही एकच विचारा: "हा भाव कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर कागदावर देता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात घराच्या खरेदीविक्रीची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते आणि प्रत्येक नोंदणीचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये उतरतो. सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. कोणती मिळकत, किती क्षेत्रफळ, किती मोबदला, कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ते शोधता येतं. आपल्या गल्लीतल्या इमारतीत गेल्या सहा महिन्यांत खरोखर काय भावाने व्यवहार झाले, ते इंडेक्स टू दाखवतं. पोर्टलवरच्या जाहिरातींत विकणाऱ्याची इच्छा असते, इंडेक्स टूमध्ये झालेला व्यवहार असतो. तिसऱ्या गृहस्थांकडे आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी शेजारच्या दोन इमारतींचे तीन इंडेक्स टू समोर ठेवले. क्षेत्रफळाने भागून बघितलं, तर आमच्या ४१० चौरस फूट कार्पेटचे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच येत होते. जो एजंट हे तीन कागद दाखवायला टाळाटाळ करतो, त्याला भाव माहीत नसतो किंवा तो सांगायचा नसतो. दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाची. नॉमिनी म्हणजे मालक, हा आपल्याकडचा फार खोल रुजलेला गैरसमज आहे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतंच नॉमिनेशन असतं. घरावरचा हक्क वारसांचाच राहतो. सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला मिळतं ते सभासदत्वही वारस ठरेपर्यंतचं, तात्पुरतं. म्हणजे आईने एकटीने सही करून घर विकलं असतं, तर विकत घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने ते तिथल्या तिथे अडवलं असतं, आणि टोकन घेतलेलं असतं तर भांडण आमच्या दारात आलं असतं. मी आणि भावाने आईच्या नावे हक्कसोडपत्र करायचं, ते रीतसर नोंदवायचं, मग सोसायटीत नाव लावून घ्यायचं, असा क्रम होता. भावाला येता येत नव्हतं, म्हणून त्याने तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा नोटरीनंतर अपोस्टील करून घ्यावं लागतं, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. यात आमचे अडीच महिने गेले. पहिल्या एजंटाने हे विचारलं असतं, तर ते दोन महिने वाया न जाता याच कामी आले असते. परदेशी राहणारा भाऊ किंवा बहीण ज्या घराची वारस आहे, अशी घरं आज डोंबिवलीत, ठाण्यात, पुण्यात गल्लोगल्ली आहेत. आणि हक्क न सोडता अनिवासी वारस स्वतःच विक्रेता म्हणून उभा राहिला, तर खरेदीदाराने त्याच्या वाट्यावर कापायच्या टीडीएसचा हिशोबच निराळा होतो. एरवी ५० लाख किंवा त्याहून जास्तीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापतो. विक्रेता अनिवासी असला की कपात कितीतरी जास्त. एजंट वकील नसतो, सीएही नसतो, पण ही अडचण कुठे येणार हे त्याला आधी दिसायला हवं.

आता सगळ्यांत नाजूक विषय, पैशांचा. एजंटाला पैसे कोण देतो, ते कळलं की तो कोणाचं काम करतो ते कळतं. जुन्या घराच्या व्यवहारात मुंबई आणि आसपास एजंट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, साधारण एक ते दोन टक्के प्रत्येकी. तो दोन्हीकडचा माणूस असतो, आणि व्यवहार लवकर उरकणं हाच त्याचा खरा फायदा असतो. आमच्या घराचं उदाहरण घ्या. एक टक्का दलाली धरली, तर पंचेचाळीस लाखांऐवजी अठ्ठेचाळीसला विकून देण्यात एजंटाला जास्तीचे मिळणार तीन हजार. आम्हाला मात्र तीन लाख. त्या तीन हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने का थांबावं? यात दुष्टपणा नाही, साधं गणित आहे. म्हणूनच ज्याला पुढच्या दहा वर्षांत त्याच चार गल्ल्यांत धंदा करायचा आहे, ज्याचं नाव तिथल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माहीत आहे, अशा माणसाला मी शहरभर फलक लावणाऱ्यापेक्षा वरचढ मानते. त्याला तीन हजारांपेक्षा आपलं नाव महाग असतं.

नव्या इमारतीत गोष्ट वेगळी. तिथे एजंटाला चॅनल पार्टनर म्हणतात आणि त्याची दलाली बिल्डर देतो. "तुम्हाला एक पैसा द्यायचा नाही, सर," हे वाक्य खरंच असतं, पण त्याचा अर्थ नीट घ्या. तुमच्या गाडीत बसून तुम्हाला चार प्रकल्प दाखवणारा तो तरुण बिल्डरच्या पैशावर फिरतो आहे. कोणता प्रकल्प आधी दाखवायचा, हे तुमच्या गरजेवर ठरलं की दलालीच्या टक्क्यावर, ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. तरी सरळ विचारा, "या प्रकल्पातून तुम्हाला किती मिळतात?" सरळ माणूस सांगतो. मी विचारून पाहिलं आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. भाऊ सांगत होता, अमेरिकेत वर्षानुवर्षं विक्रेताच दोन्ही एजंटांचे पैसे देत असे, आणि ते घराच्या किंमतीत मिसळून जात. यावरून तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेवर खटले झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने संघटनेच्या विरोधात निकाल दिला, पुढे ४१.८ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता तिथे घर बघायला जाण्याआधीच खरेदीदाराने आपल्या एजंटाशी लेखी करार करायचा असतो आणि मोबदला किती, ते त्यात लिहायचं असतं. आपल्याकडे असा करार करायला कोणी अडवलेलं नाही, फक्त करत कोणी नाही.

कायद्याने काय दिलं आहे ते बघू. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे. ती पाच वर्षांची असते, आणि नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड होतो, घराच्या किंमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. एजंटाचा क्रमांक 'ए' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. पुष्कळ जण प्रकल्पाचा क्रमांक दाखवून तो आपलाच असल्यासारखं बोलतात, तेव्हा पहिलं अक्षर बघा. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र बंधनकारक केलं. ते न घेतल्याबद्दल २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक खरा असला तरी तो आज चालू आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः बघायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे.

मात्र दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात, कारण त्या न कळल्यामुळे माणसं फसतात. पहिली ही, की जुन्या इमारतीतल्या घराची पुनर्विक्री करणाऱ्या एजंटाला ही रेरा नोंदणी लागतेच असं नाही. कायदा प्रकल्पांचा आहे. १९८६ साली बांधलेल्या आमच्या इमारतीचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे तुम्ही केलेला लेखी करार आणि तुम्ही निवडलेला माणूस, एवढंच.

दुसरी, नुसत्या रेरा क्रमांकावरही विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीतच हे घडलं. महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाल्याचं उघडकीला आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या माणसांवर हातात नोटीस घेऊन उभं राहायची वेळ आली, हे माझ्या मनातून जात नाही. त्या घरांच्या व्यवहारातही कोणी ना कोणी मध्यस्थ होताच ना? त्यातल्या एकाने जरी परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेत चौकशी केली असती, तर निदान त्याची गिऱ्हाइकं वाचली असती. एजंटाने दलाली घ्यायची ती घर दाखवण्याची नव्हे. घर तर हल्ली मोबाइलवर दिसतं. दलाली आहे ती या चौकशीची.

म्हणून घर घेणाऱ्याने एजंट निवडताना त्याला एक घर दाखवू द्यावं आणि तो कोणत्या गोष्टी आपणहून सांगतो ते ऐकावं. हॉलमध्ये हवा छान येते, स्टेशन दहा मिनिटांवर आहे, हे सगळेच सांगतात. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, की मानीव अभिहस्तांतरण अजून बाकी आहे? आधीच्या मालकांच्या करारांची साखळी पूर्ण आहे का, की मधला एखादा मूळ करार हरवला आहे? विक्रेत्याचं कर्ज फिटलं आहे का, मेंटेनन्स थकलेला आहे का? हे जो न विचारता सांगतो तो कामाचा. पार्किंगचं तर विशेष बघा. "पार्किंगसह" असं सगळे सांगतात. पण स्टिल्टमधली किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. त्यामुळे जुन्या सोसायटीत विक्रेता ज्या जागेत गाडी लावतो, ती तुम्हाला मिळेलच असं नाही. सोसायटीने दिलेलं वाटपपत्र दाखवणारा एजंट आणि "ते आपलंच आहे हो" म्हणणारा एजंट यांतला फरक गाडी उभी करायच्या दिवशी कळतो.

सोसायटीच्या नावाखाली मागितल्या जाणाऱ्या पैशांबद्दलही एक सांगते. घर हस्तांतर करताना सोसायटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये अधिमूल्य घेऊ शकते, असं शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. त्यावर 'डोनेशन' म्हणून लाखभर लागतील असं एजंट सांगू लागला, तर सोसायटीच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारा.

टोकन देताना चेक विक्रेत्याच्या नावाने द्या, एजंटाच्या खात्यात पैसे टाकू नका. नव्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि रोखीचा विषय एजंटाच्या तोंडून निघाला की तिथेच थांबा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आम्हाला त्या "थोडे रोख देते" पार्टीने जे रोख दिलं असतं, ते सगळं दंडात जाऊ शकलं असतं, आणि एजंट आपली दलाली घेऊन केव्हाच पुढच्या घरी पोहोचला असता.

लेखी काय असावं? तिसऱ्या गृहस्थांना आम्ही दिलेलं पत्र एका पानाचं होतं. घर साठ दिवसांसाठी फक्त त्यांच्याकडे राहील. दलाली आमच्या बाजूने एक टक्का, देय तारीख कराराच्या नोंदणीच्या दिवशी. त्यावर जीएसटी लागणार की नाही ते लिहिलेलं. खरेदीदाराकडूनही ते दलाली घेणार आहेत, हे स्पष्ट लिहिलेलं. व्यवहार मोडला तर दलाली नाही. त्यांनी आणलेला माणूस साठ दिवसांनंतर आला, तर त्यांचा हक्क कधीपर्यंत, तेही लिहिलेलं. एकाच एजंटाला घर दिलं म्हणून नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण दहा जणांना चावी दिली की तेच घर पोर्टलवर दहा किंमतींना दिसतं, आणि घेणारा सर्वांत खालच्या किंमतीपासून बोलायला लागतो. घर सगळ्यांचं झालं की त्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

आमचं घर एकोणपन्नास लाखांना गेलं, जवळच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेला. नाव तिच्या एकटीचं लावलं, म्हणून मुद्रांक शुल्कात महिलांना मिळणारी १ टक्क्याची सवलत तिला मिळाली. एकोणपन्नास लाखांवर एकोणपन्नास हजार रुपये. हेही तिला आमच्या एजंटांनीच सांगितलं होतं. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे, फोटो सगळं झालं, तेव्हा आमच्या एजंटांनी आईकडून दलालीचा चेक घेतला आणि तिथेच बाकावर बसून पावती लिहून दिली.

तुमचं घर विकायचा विचार आज नसेलही. तरी कपाटातलं शेअर सर्टिफिकेट एकदा काढा आणि मागच्या बाजूला शेवटचं नाव कोणाचं लिहिलं आहे ते बघून ठेवा. ते नाव आता हयात नसलेल्या माणसाचं असेल, तर एजंटाच्या आधी वकिलाला भेटा.